आखाजीचा कागद

१२ एप्रिल

पोचले एकदाची. आणि आल्या आल्या रडले, ते मिरचीमुळे. जीप नंदुरबारच्या मिरची बाजारावरून चालली होती. हंगाम सरत आलाय म्हणे, तरी हवेत एवढा ठसका की नाक आणि डोळे एकदमच वाहायला लागले. ज्यांच्या घरी मी आलेय ते शांतीलालभाई निवांत गाडी चालवत म्हणाले की नंदुरबार पाहुण्याला आधी रडवतं, मग जेवू घालतं. जेवू खरंच घातलं. कळण्याची भाकरी, शेवेची भाजी आणि वर ताकाचा तांब्या. पुण्यात मी अर्धी भाकरी खाऊन उठते, इथे दोन हाणल्या.

गाव तापीच्या काठाला, सारंगखेड्यापासून फार लांब नाही. घर बघून माझा थोडा विरसच झाला. जुन्या फोटोंच्या कामाला बोलावलंय म्हटल्यावर घरही जुनं असणार असं मी धरून चालले होते. हा तर चकचकीत स्लॅबचा बंगला, गच्चीवर सोलर, दारात ट्रॅक्टर आणि मागे नजर पोचेल तिथवर केळी. माझ्या खोलीत एसी आहे. मी कोण त्याला नको म्हणणारी? बाहेरच्या उन्हात चप्पल राहिली तर पाय भाजून निघतात.

स्वयंपाकाला मदत करणाऱ्या कालीबाईंनी विचारलं की मी काम काय करते. त्या अक्कलकुव्याकडच्या. मी सांगितलं: कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, अंधाऱ्या खोलीत त्यावर चांदीच्या क्षाराचं पाणी फिरवायचं, मग वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा. चित्र डोळ्यांदेखत उमटतं. फोटो छापायची अगदी पहिली रीत हीच. त्या म्हणाल्या, म्हणजे पापडाचंच काम की. मला हे इतकं आवडलं की पुढच्या वर्कशॉपच्या जाहिरातीत टाकणार आहे.

या घरात ही विद्या चार पिढ्या आहे. गुजर मंडळी, पक्की शाकाहारी, म्हणून पुढे सगळीकडे चाललेले अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे कागद यांनी कधी शिवले नाहीत. भाताची पेज आणि मीठ यांवरच भागवलं. शेवटचे जाणकार म्हणजे शांतीलालभाईंचे थोरले भाऊ सुकलालभाई, ते दिवाळीत गेले. म्हणून मला बोलावलंय. जुन्या छापांची पेटी नीट लावून द्यायची आणि आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, ताजे कागद करून द्यायचे. आखाजीलाच का, ते बाई सांगतील म्हणाले. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी वत्सलाबाई. मी त्यांना काकू म्हणायचं ठरवलंय. त्या माझ्याशी अजून फारशा बोललेल्या नाहीत, जेवताना नुसत्या बघत होत्या. बघू देत.

हेमकांतला फोन केला. जेवलीस का, एवढंच त्यानं विचारलं. हल्ली आम्ही नवरा-बायको एकमेकांना एवढंच विचारतो.

१४ एप्रिल

पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. पत्र्याची पेटी, आत मलमलीत गुंडाळलेले छाप, आणि एकूण एक काळे. पिकलेल्या जांभळासारखे. तिरपे धरले तर कुठे बांगडीची कड दिसते, कुठे पदराचा काठ, बाकी काही नाही. कारण शेंबड्या पोरालाही कळेल. छाप पक्के केलेलेच नाहीत. उन्हात चित्र उमटलं की ते हायपोत बुडवून पक्कं करावं लागतं, नाहीतर उजेड त्याला खातच राहतो आणि शेवटी सगळा कागद काळा होतो. हायपो नसेल तर दाट मिठाच्या पाण्यानंही टिकतं, अगदी सुरुवातीला तसंच करत. पहिलं मीठ चित्र आणायला, दुसरं मीठ ते ठेवायला. चार पिढ्या हे काम करणाऱ्यांना एवढंही माहीत नसावं?

जेवताना मी फटकन बोलून गेले की एवढी मेहनत वाया घालवलीत. काकू म्हणाल्या की वाया काही गेलेलं नाही, जे व्हायला हवं होतं तेच झालंय. मग मला आग्रहानं भात वाढला.

कामाची खोली मात्र झकास आहे. नव्या घरातही त्यांनी मुद्दाम एक बिनखिडकीची खोली बांधून घेतलीय. दाराला जाड पडदा, आत लाल दिवा. ठेकेदार हसला होता म्हणे. तिथे पाटावर बसून कागद कापत होते तर मागे खुर्ची करकरली. खोलीत खुर्ची नाही. गच्चीवर कुणीतरी खाट सरकवली असेल.

१७ एप्रिल

पेटीच्या तळाशी लाल फडक्यात, दोऱ्यानं करकचून बांधलेला एक छाप सापडला. आणि हा स्वच्छ आहे. दहा-बारा वर्षांची मुलगी, नाकात मोरणी, लाकडी खुर्चीवर अवघडून बसलेली. एका हातानं खुर्चीचा हात घट्ट धरलेला, जणू आत्ता उठेल. शंभरावर वर्षं झाली असतील, पण पापणीचा केससुद्धा दिसतो. असा तजेलदार मीठकागद मी संग्रहालयातही पाहिलेला नाही. कडेला बारीक पांढरे कण होते. मी चक्क जिभेला लावून पाहिले, जे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी करू देणार नाही. मीठ. म्हणजे हा एकटा छाप कुणीतरी दुसऱ्या मिठानं टिकवलाय.

नाचतच स्वयंपाकघरात गेले. काकू कैऱ्या फोडत होत्या. छाप बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, होता तसा बांध आधी. मी बांधेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग हळूच विचारलं की तिनं काही विचारलं का. मी म्हटलं, कुणी? त्यावर त्या परत कैऱ्या फोडायला बसल्या.

२० एप्रिल

आज काकू बोलल्या. अंगणातल्या निंबाखाली बसून, अर्धं अहिराणीत, अर्धं शाळेतल्या मराठीत.

त्यांना एकच मुलगी होती, प्रतिभा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासरी काविळीनं गेली. आखाजीला खानदेशात सगळ्या लेकी माहेरी येतात, हे मला माहीत होतं. या घरात गेलेल्या लेकीलाही माहेर असतं. सकाळी तिच्या काचेच्या निगेटिव्हवरून ताजा छाप काढायचा आणि लगेच बिनखिडकीच्या खोलीत न्यायचा. आई आत बसते. संध्याकाळपर्यंत लेक तिथे असते. तिला आमरस वाढायचा, गप्पा मारायच्या. ऊन कलायला लागलं की आईनंच तो कागद अंगणात आणायचा, ओटी भरायची आणि उरलेल्या उन्हात धरून काळा होऊ द्यायचा. ही तिची पाठवणी. काळा झालेला कागद पेटीत जातो. सुकलालभाई गेल्यावर कागद करणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मला शोधलं.

तर मी ज्यांना वाया गेलेले म्हटलं त्या सगळ्या पाठवण्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

लाल फडक्यातल्या मुलीबद्दल एवढंच सांगितलं की ती शांतीलालभाईंच्या पणजीची लेक. पणजीनं तिला दुसरं मीठ दिलं. पुढे काय झालं ते सणाच्या तोंडावर बोलायचं नाही म्हणाल्या.

मग सहज विचारावं तसं विचारलं, की तुझं कोण गेलंय. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाल्या, तू रोज ताटातला एक घास बाजूला काढतेस आणि तो तसाच ठेवून उठतेस. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून मी ओक्साबोक्शी रडले. दोन वर्षांत एवढी रडले नव्हते. माझी चिनू नवव्या वर्षी डेंग्यूनं गेली. आठवड्याच्या आत सगळं संपलं.

२५ एप्रिल

कागद सुंदर झालेत. खडेमीठ इथलंच, पेज इथल्या तांदळाची. चाचणीचे चार-दोन तुकडे काळे करून बघितले, रंग त्या पेटीतल्या कागदांसारखाच येतो. माझी बोटंही काळी झालीत. चांदीचं पाणी लागलं की उन्हात कातडी काळी पडते, ती आठ-दहा दिवस जात नाही. आमच्या धंद्याची खूण आहे ती.

चिनूसाठीही एक कागद काढू का, असं मी काकूंना विचारलं. विचारायला दोन दिवस जीभ रेटली नाही. चिनूची मोठी निगेटिव्ह माझ्या बॅगेत आहे, कायम असते. आजारपणाच्या थोडं आधी मी तिला गच्चीवर माझ्या लाकडी कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. त्याला बराच वेळ हलायचं नसतं. तिला खाली सायकल खेळायला जायचं होतं, मैत्रिणी हाका मारत होत्या. सारखी विचारत होती, आई, झालं का? आई, झालं का? शेवटी शेवटी डावा पाय उचललाच तिनं, तो फोटोत पुसट आलाय. मी त्यावरून तिला रागावले आणि मग दोघी हसत सुटलो. ती निगेटिव्ह मी कधीच छापली नाही. धीर झाला नाही.

काकूंनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग हो म्हणाल्या. माझ्या हायपोच्या बाटल्या मागून घेतल्या आणि कपाटात कुलूप लावून ठेवल्या. "एकच दिनन्ही पाव्हनी शे ती," म्हणाल्या, "ध्यानात ठेव, बेन." प्रतिभाच्या काचेवर माझा हात ठेवून वचन घेतलं. मी दिलं. खरं सांगायचं तर यातलं काही होईल यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून सहज दिलं.

२९ एप्रिल

गाव लेकींनी भरलंय. जीपा येताहेत, पोरी उतरताहेत, आया धावताहेत. आमच्या निंबाला झोका बांधलाय. पितरांच्या घागरी आणल्या, त्यावर ठेवायला डांगरं, म्हणजे खरबुजं, आणली. कालीबाई सणाला त्यांच्या गावी गेल्या, म्हणून पुरण मी वाटलं. सारंगखेड्याच्या बाजारातून चिनूसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. बांगडीवालीनं माप विचारलं. मी दोन वर्षांपूर्वीचं सांगितलं, मग गोंधळले, मग तेच घेतलं.

हेमकांतला काही बोलले नाही. जेवलास का, विचारलं.

३० एप्रिल, सकाळ

आधी काकूंसाठी प्रतिभाचा छाप काढला. त्या तो पदराखाली घेऊन आत गेल्या. मग माझा. चौकट उन्हात धरली. आधी केसांची कड आली, मग फ्रॉकची कॉलर, मग डोळे. चौकट छातीशी धरली. आता आत जाते.

दुपार

आहे ती.

लिहिता येत नाही नीट. लाल उजेडात बसलेय आणि ती माझ्यासमोर पाटावर बसून आमरस ओरपतेय. मिशी आलीय रसाची. पलीकडे आडपडद्यामागे काकूंचा आवाज येतोय, त्या त्यांच्या गुजरीत लेकीशी बोलताहेत, मला प्रतिभा दिसत नाही आणि त्यांना चिनू. असं असतं म्हणे.

बांगड्या बरोब्बर झाल्या. सायकल कुणाला दिली ते विचारलं. म्हटलं, गॅलरीत आहे. तर म्हणाली, चाकात हवा भरून ठेव. डावा पाय तेवढा नीट दिसत नाही, धुरकट आहे. काय बिघडलं? माझ्या मांडीवर तिचं वजन पडतंय. मी तिच्या केसांचा वास घेतला. मला दुसरं काही नको.

संध्याकाळ

काकू उठल्या. दाराच्या फटीतून मी बघितलं. त्यांनी अंगणात तांदळानं आणि नारळानं ओटी भरली, कागद उन्हाकडे धरला, तो काळा होईपर्यंत बघत राहिल्या. डोळे पुसले आणि घागरीला नमस्कार करून बायकांकडे झोक्यापाशी गेल्या. मला हाक मारली की आता तू.

चिनू कसली तरी गोष्ट सांगत होती. मधेच म्हणाली, आई, इथे अंधार होतोय. कागदाच्या कडा काळवंडायला लागल्या होत्या. ती माझ्या दंडाला बिलगली.

मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. लोणच्याच्या खडेमिठाची बरणी फळीवर होती. पातेल्यात पाणी घेतलं, मूठमूठ मीठ टाकलं, विरघळेना तेव्हा हातानं घुसळलं. खोलीत नेलं आणि कागद त्यात बुडवला.

काकूंना मी चिनूचा कागद म्हणून चाचणीचा एक काळा तुकडा दाखवला. त्यांनी मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला. मी निर्लज्जासारखी तो फिरवू दिला.

१ मे

आहे. गेली नाही. सकाळी पडदा सारला तर उभी होती.

पण बसत नाही. पाटावर ये म्हटलं, आली नाही. आमरस पुढे धरला, वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. गच्चीवर उभी होती तशीच उभी आहे, हात अंगाशी लावून, डावा पाय उचललेला. बांगड्या जमिनीवर पडल्यात.

तिची नजर माझ्यावर नाही. कॅमेरा असेल तिथे आहे. मी सरकत सरकत त्या जागी जाऊन बसले तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आई, झालं का?

मी म्हटलं, झालं राणी, ये. तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं परत तेच.

२ मे

काल दिवसभर तेच. तिचा आवाज ऐकायला मी दोन वर्षं तरसले आणि आज दुपारी कानांवर हात ठेवले. आई आहे का मी कोण आहे?

बोटांचा काळेपणा वाढलाय. लिंबानं घासलं, उतरत नाही. अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा तो मनगटापर्यंत आला. चांदीचं पाणी मनगटाला लागलं नव्हतं. लागलं असेल. आठवत नसेल.

४ मे

चांदी नाही ही.

गळा, कान, डावा गाल. उन्हात गेलं की चढतं, खोलीत थांबतं. घड्याळ काढून बघितलं. पट्ट्याखाली कातडी गोरी आहे, पट्ट्याचा आकार नीट उमटलाय. मी आयुष्यभर हेच शिकवत आले, जिथे उजेड पोचत नाही तिथे कागद पांढरा राहतो.

ताप आहे सांगून खोलीत बसलेय. दार लावून, तिच्यासोबत. मागे खुर्ची करकरते. आता लाल फडक्यातल्या त्या मुलीचाही आवाज येतो, त्यांच्या गुजरीत, दोनच शब्द, पुन्हा पुन्हा. आणि चिनूचे दोन. आळीपाळीनं.

कालीबाई परतल्यात. जेवण आणलं, माझा हात बघितला, ताट दारातच ठेवून काकूंना बोलवायला गेल्या.

५ मे

काकू पडद्याबाहेर बसल्या. आत आल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, मला कळायला हवं होतं, मीही दर वर्षी त्या बरणीकडे बघते.

मग पणजीचं सांगितलं. दुसरं मीठ दिलं की कागद काळा होत नाही. पण तो काळोख जायचा कुठे? मीठ देणारीच्या अंगावर येतो. पणजीला हे कळल्यावर ती उजेडात यायचीच बंद झाली. उरलेलं आयुष्य तिनं लेकीला घेऊन अंधाऱ्या खोलीत काढलं आणि तिथेच मेली. अंधारात मेली, म्हणून काळोख पुरता फिटला नाही, म्हणून लेक अजून खुर्चीवरच आहे. ती दोन शब्दांत काय विचारते ते मी विचारलं. काकू म्हणाल्या, ती विचारते, उठू का?

शंभर वर्षं.

मी विचारलं, आणि मी उजेडात गेले तर? काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "तिले जाऊ दे," एवढंच म्हणाल्या. आणि मग, की तुलाही जाऊ नको म्हणते मी, काय बोलू मी, बेन.

६ मे

हेमकांतला फोन केला. सगळं सांगितलं. फोन तिच्यापुढे धरला. त्याला काही ऐकू आलं नाही. तो म्हणाला, रोहिणी, मी येतोय, रात्रीच्या गाडीनं निघतो, सकाळी नंदुरबार.

म्हटलं, निघण्याआधी तिच्या सायकलच्या चाकात हवा भर. मग पंपाचा आवाज आला. मग म्हणाला, भरली. आणि रडला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर रडला.

तो आला तर या खोलीत येईल. तिला बघेल. त्याच्याच्यानं तिला सोडवणार नाही, मला पकडूनच ठेवील अंधारात, आम्हा दोघींना. मी ओळखते ना त्याला. माझ्यासारखाच आहे.

झोपली नाही ती. पाय उचललेलाच. दुखत असेल—

७ मे, सकाळ

अंगणात. झोका अजून बांधलेलाच आहे, त्यावर बसले. ऊन केळीच्या वर आलं.

कागद मांडीवर. लाल फडक्यातला छापही मागून घेतलाय काकूंकडून. दोघींना पुरेल एवढा काळोख माझ्यात आहे का, कोण जाणे.

काकूंनी माझी ओटी भरली. आता ओसरीत पाठ करून उभ्या आहेत. मीच सांगितलं, बघू नका.

दुखत नाही. ऊबदार आहे. हात कोपरापर्यंत गेला, बोटं दिसत नाहीत, अक्षर तेवढं—

हेमकांत, जेवून घे. काकू वाढतील.

खुर्ची करकरली. या वेळी उठल्यासारखी—

चिनू इथे उन्हात उभी आहे. सावली पडत नाही तिची. विचारतेय.

मला 'अजून नाही' म्हणायचं होतं. शेवटच्या क्षणापर्यंत. थांब जरा, एकच मिनिट, आईला बघू दे—

पाय स्वच्छ दिसतोय तिचा. डावा. टेकलाय.

झालं, चिनू. झालं बाळा. छान उभी राहिलीस. जा आता, बाबानं हवा भरून ठेवलीय. खाली गाड्या असतात, जरा सावकाश—